आठ बाय चार

प्लायवूडची अख्खी शीट आठ फूट लांब आणि चार फूट रुंद येते. सुरतेत घ्या, जळगावात घ्या नाहीतर कॅलिफोर्नियात, माप तेच. या मापातून एक घर जन्माला आलं. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या काही हौशी मंडळींनी अशा शीटमधून दोन सारख्या भिंती कापल्या, पुढून गोल आणि मागे उतरत गेलेल्या. दोन भिंतींमध्ये चार फुटांचं अंतर ठेवलं, वरून पातळ प्लाय वाकवून छप्पर घातलं, खाली दोन चाकं लावली आणि ते सगळं मोटारीच्या मागे जोडून मंडळी रानात झोपायला गेली. आत दोघांपुरती गादी. मागचं छप्पर झाकणासारखं वर उचलायचं, त्याखाली ओटा. स्वयंपाक करणाऱ्याने बाहेर, मातीत उभं राहायचं. महायुद्ध संपल्यावर कारागिरीच्या मासिकांतून याचे आराखडे छापून येऊ लागले. मोडीत निघालेल्या लष्करी जीपची चाकं स्वस्तात मिळत, विमानांचं ॲल्युमिनियम मिळे, आणि सुट्टीच्या दिवशी घरोघरी ठोकाठोक चाले. पुढे रस्ते रुंद झाले, मोटारी दांडग्या झाल्या, लोकांना ट्रेलरमध्ये ताठ उभं राहावंसं वाटू लागलं आणि टीअरड्रॉप नावाचं हे बुटकं प्रकरण अडगळीत गेलं. इंटरनेटच्या काळात ते परत बाहेर आलं आणि फिरत फिरत सुरतेला, उधन्यातल्या एका तिसऱ्या मजल्यावर पोचलं.

तो तिसरा मजला माझा.

सुरतेत मराठी माणसाचं अप्रूप कुणाला नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत पाट्या गुजरातीत वाचायच्या आणि भांडणं अहिराणीत ऐकायची. तापीच्या खोऱ्यातून सुरत-भुसावळ गाडी धावू लागली त्याला सव्वाशे वर्षं झाली. त्याच रुळांवरून नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं इथे उतरली आणि यंत्रमागांच्या खडखडाटात स्थिरावली. स्थिरावलेल्या माणसालाच चाकांची स्वप्नं पडतात. माझी सगळी नोकरी रिंगरोडच्या कापडबाजारात हिशेब लिहिण्यात गेली. चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी ट्रेलरची चित्रं काढू लागलो, तेव्हा घरच्यांना वाटलं जीएसटीचं काही किचकट काम आलं असेल. खरा प्रकार कळल्यावर धाकट्या भावाने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हाई काय शे भो?"

मी म्हटलं, "घर."

"मंग दार कुठे शे?"

दार होतं. अडीच फूट उंच होतं, म्हणून त्याला ते खिडकी वाटलं.

लहान घराचा आराखडा काढायला बसलं की इंचांची खरी किंमत कळते. फ्लॅटमध्ये बिल्डर शंभर चौरस फूट जिन्यात नि भिंतींत जिरवतो आणि आपण कागदावर सही करतो. इथे दोन इंच कमी पडले की पाय दुमडून झोपावं लागतं. एकूण लांबी शहाण्णव इंच. गादीला सव्वासहा फूट, म्हणजे पंचाहत्तर इंच दिले की मागे ओट्याला एकवीस उरतात. उंची चार फूट, म्हणजे आत बसता येतं, उभं राहता येत नाही, आणि पँट घालायची तर आडवं पडून घालावी लागते. परदेशातली माणसं या गोष्टीला स्वातंत्र्य म्हणतात.

आकाराबद्दलही एक गंमत आहे. नावात थेंब असला, तरी पावसाचा थेंब मुळी असा नसतोच. लहान थेंब गोल असतो, मोठा थेंब हवेच्या दाबाने खालून चपटा होतो. एका बाजूला टोक असलेला थेंब चित्रांतून आपल्या डोक्यात बसला आहे. पण वाऱ्याला तो आकार मनापासून आवडतो. पुढून गोल, मागे निमुळती होत गेलेली वस्तू वारा फारशी कुरकुर न करता जाऊ देतो, उलट मागून एकदम तोडलेली पेटी वाऱ्यात भोवरे उठवते आणि मोटारीला मागे खेचते. मी हे सगळं मिस्त्रीला समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, उधना दरवाजापासून साहरा दरवाजापर्यंत वारा कुठे आहे?"

हा मिस्त्री राजस्थानचा. हयात सुरतेतल्या फ्लॅटांची फर्निचरं करण्यात गेलेली. तो मिलिमीटर मानत नाही. त्याचं माप सुतांत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, आणि दोन सूत चुकलं तर तो स्वतःवर दिवसभर रुसतो. प्लायच्या बाबतीत मात्र त्याने आयएस ७१० असा शिक्का असलेल्या मरीन प्लायशिवाय दुसरं काही ऐकून घेतलं नाही. या प्लायचा तुकडा बहात्तर तास पाण्यात उकळून पाहतात, त्याचे थर सुटले नाहीत तर तो पास. पण अठरा मिलिमीटर जाडीची एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते. भिंती, तळ, छप्पर, ओटा, लोखंडी सांगाडा असं सगळं धरलं तर चारशे-पाचशे किलोंचं ओझं. मिस्त्रीचा जीव खरं तर वलसाडी सागवानात अडकलेला. डांगच्या जंगलातलं ते लाकूड गुजरातेत लोक सोन्याच्या बरोबरीने जपतात. तसं केलं तर ट्रेलर पिढ्यान्‌पिढ्या टिकेल आणि मोटार पहिल्याच चढावर बसेल, हे त्याला पटवायला मला दोन चहा लागले.

लाकूड वाकवून त्यात माणसं झोपवणं ही या गावाला नवी गोष्ट नाही, हेही मी त्याला सांगितलं. सुरतेचे सुतार एके काळी जहाजं बांधत. फळ्यांच्या कडा एकमेकींत अशा बसवत की परदेशी प्रवासी थांबून बघत आणि लिहून ठेवत. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हा इथला पारशी जहाजकार आपले सुतार घेऊन मुंबईला गेला आणि तिथल्या गोदीत त्याच्या घराण्याने पुढची दीडशे वर्षं जहाजं बांधली. त्यांचं १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगतं आहे. दोनशे वर्षं! मी हे अशा सुरात सांगितलं की जणू पुढचं जहाज आम्ही दोघं बांधणार होतो.

मिस्त्रीने पेन्सिल कानावर ठेवली. "त्यात रसोडं कुठे होतं?"

मला ते ठाऊक नव्हतं. पण या प्रश्नातून पुढे जे निघालं त्याची कल्पना तेव्हा यायला हवी होती.

गोल खिडक्यांचा प्रश्न मात्र जहाजांनीच सोडवला. हजिऱ्याहून घोघ्याला फेरी जाते, मोटार चढवून. भावनगरला जायला रस्त्याने खंबातच्या आखाताला अख्खा वळसा, साडेतीनशेहून जास्त किलोमीटर. समुद्रातून त्याचा चौथा हिस्सासुद्धा नाही. तिथून पुढे अलंग, जिथे १९८३पासून जगभरची म्हातारी जहाजं मोडायला येतात. अलंगच्या रस्त्याला दुकानांची रांगच रांग आहे. जहाजावरच्या गाद्या, कपाटं, स्टीलची बेसिनं, जीवरक्षक जाकिटं, कप्तानाच्या खुर्च्या आणि पितळी चौकटीच्या गोल खिडक्या. एकेक खिडकी एवढी जड की ती लावायची तर भिंत जाड करावी लागेल, भिंत जाड केली तर वजन वाढेल, वजन वाढलं तर आस बदलावा लागेल. आराखड्याचं असंच असतं. एक इंच हलवला की सगळं घर हलतं. मी खिडकी घेतली नाही, पण तिचा फोटो पाकिटात ठेवला आहे.

मोटारीच्या मागे काही जोडायचं म्हणजे आरटीओ आलंच. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ६१ मी वाचून काढलं. ट्रेलरची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, आणि रस्त्यावर आणायचा तर ओढणाऱ्या गाडीचा नंबरही त्याच्या अंगावर दिसला पाहिजे. म्हणजे नव्या सुनेसारखं माहेरचं नावही राखायचं आणि सासरचंही मिरवायचं. एका एजंटाला विचारलं. तो म्हणाला, "ट्रेलर शेतीचा की मालाचा?"

"झोपायचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि चहा मागवला.

माझ्या आजोबांच्या बैलगाडीने मला या सगळ्यात सर्वांत जास्त शिकवलं, आणि तेही ती गाडी मोडून जमाना झाल्यावर. ट्रेलर कसा भरावा याचा पाश्चात्त्यांचा नियम असा की एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे मोटारीच्या हुकावर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि पुढच्या मोटारीलाही हलवतो. हे वाचताना मला आजोबा दिसले. पोती भरून झाली की ते जू एका हाताने उचलून बघायचे. फार हलकं लागलं तर गाडी उलाळणार, मागे कलून बैलांच्या मानेला फास बसणार. फार जड लागलं तर बैलांचे खांदे जाणार. मग एखादं पोतं हातभर पुढे, एखादं मागे. टक्केवारी त्यांनी कधी काढली नाही. त्यांचं मनगटच वजनकाटा होतं.

आता टीअरड्रॉपमध्ये ओटा मागे. म्हणजे स्वयंपाकघर जेवढं वाढेल तेवढी गाडी उलाळणार. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. शेगडी, सिलिंडर, डबे. अमेरिकन लोक सिलिंडर पुढे दांडीवर ठेवतात आणि मागे कॉफीची किटली, दोन कप नि एक तवली ठेवून मोकळे होतात. त्यांचं स्वयंपाकघर एकवीस इंचांत का मावतं ते मला तेव्हा कळलं. त्यांना त्यात फक्त सकाळ काढायची असते.

आमच्याकडे यादी झाली. पोळपाट-लाटणं, परात, खलबत्ता, मसाल्याचा डबा, कळण्याच्या भाकरीचं पीठ वेगळं आणि ज्वारीचं वेगळं, शेवभाजीचा काळा मसाला, जाडी शेव, तेलाची बरणी. ही म्हणाली, "अहो, भरीत करायचं असलं तर?"

भरीत करायचं असलं तर शेगडी चालत नाही. थंडीत जळगावकडे शेतात बसून कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजतात, ती लांबट, हिरवी, बिया कमी असलेली भरताची वांगी. मग बडगीत ठेचतात आणि केळीच्या पानावर पुरीबरोबर वाढतात. त्याला पन्नास माणसं असली तरी ती कमीच वाटतात. ट्रेलरमध्ये बडगी कुठे ठेवायची हा प्रश्न मी मिस्त्रीपुढे ठेवला. तो म्हणाला, "गादी सात इंच कमी करू."

एव्हाना पूर्ण आकाराचा फर्मा करून पाहायचं ठरलं होतं. कापडबाजारात पुठ्ठ्याला तोटा नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आधी खडूने आठ बाय चारची चौकट आखली. त्यात दोघं कसे झोपणार हे कळावं म्हणून मी स्वतः आडवा पडलो आणि नातवाने माझ्याभोवती खडू फिरवला. मी उठून वर जेवायला गेलो तेवढ्यात दुसऱ्या विंगेतल्या दोन बायकांनी वॉचमनला विचारलं की पोलीस येऊन गेले का. संध्याकाळी खोक्यांचा ट्रेलर उभा राहिला. प्रथम मुलांनी त्याचा ताबा घेतला, मग मोठ्यांनी. एकेक जण वाकून आत जाई, पडून छताकडे बघे, "मस्त छे" म्हणे आणि बाहेर येऊन सरळ मागच्या बाजूला जाऊन उभा राही. पुढच्या भागाबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. मागच्या झाकणाखाली मात्र दाटी झाली. तिथे सावली होती, कोपर टेकायला ओट्याचा पुठ्ठा होता, आणि कुणीतरी लोचो आणलाच होता.

शेजारचे सुरती काका हात मागे बांधून सगळीकडून बघून आले. "अंदर सुवानुं ने बहार खावानुं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते विचारात पडले. "तो पछी बहारनुं मोटुं राखो ने."

मग त्यांना आठवण झाली. १६६४च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर बागेत तळ ठोकला होता, आणि पुढचे चार दिवस सुरतेचे कसे गेले ते सगळ्यांना माहीत आहे. "मराठी माणूस सुरतेबाहेर तंबू टाकतो म्हणाला की आम्ही आधी तिजोरी बघतो," काका म्हणाले, आणि स्वतःच मोठ्याने हसले. मी म्हटलं, या वेळी उलटं आहे, तिजोरी माझी रिकामी होते आहे.

उघड्यावर खायला सुरतेला निमित्त लागत नाही. रविवारी संध्याकाळी डुमस रोडला जाऊन पाहा, माणसं फुटपाथवर चटया टाकून डबे उघडून बसलेली असतात. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडवो. त्या रात्री अख्खं गाव घारी आणि भुसू घेऊन चांदण्यात रस्त्यावर येतं. आम्ही मराठी सुरतकर आदल्या रात्री आटीव दूध पितो आणि दुसऱ्या रात्री तुपात डुंबलेली घारी खातो. डॉक्टरांना दोन्ही सणांची तारीख पाठ आहे. घारी सत्तावन्नच्या बंडात तात्या टोप्यांच्या शिपायांसाठी केली होती अशी कथा इथे सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण छावणीचं जेवण म्हणून मावा, पिस्ता आणि वर तुपाचा थर निवडणारं गाव हे एकच असेल. अशा गावात एकवीस इंचांचा ओटा म्हणजे उपासाची तयारी.

झोपेच्या बाजूने मी थोडा लढलो. पण हवामानाने साथ सोडली. निजलेलं माणूस साधारण सत्तर-ऐंशी वॉटची ऊब बाहेर टाकतं, म्हणजे दोघं मिळून दीडशे. कोलोरॅडोच्या थंडीत ही ऊब आत राहावी म्हणून भिंतीत थर्माकोल भरतात. मेमधल्या सुरतेत हीच ऊब बाहेर घालवायला छताला बारा व्होल्टचा पंखा, दोन बाजूंना झरोके आणि मच्छरांच्या कृपेने दोन्ही झरोक्यांना बारीक जाळी. पावसाळ्यात तर झाकणाची बिजागरी ही सगळ्या टीअरड्रॉपांची दुखरी जागा, पाणी तिथूनच आत येतं. उरले हिवाळ्याचे दोन महिने. त्या दोन महिन्यांत जायचं कुठे? सापुतारा, सुवालीचा समुद्र, उकाईचं पाणी, सगळं कागदावर लिहिलं. ही प्रत्येक वेळी रस्ता शेवटी अमळनेरला नेऊन सोडायची. "तिकडे काय घरं नाहीत का झोपायला?" असं तिचंच म्हणणं.

नवापूरला मात्र तिला एकदा थांबायचं आहे. तिथल्या स्टेशनावरून दोन राज्यांची हद्द जाते, एका बाकाचं एक टोक गुजरातेत आणि दुसरं महाराष्ट्रात. ट्रेलर तिथे जवळपास हद्दीवर उभा केला तर डोकं गुजरातेत आणि ओटा महाराष्ट्रात राहील, असा तिचा हिशेब. ओटा महाराष्ट्रात का, तर पाहुण्यांपैकी एखाद्याची गुजरातेत अडचण होते म्हणून.

बारडोलीकडे जाताना थंडीत एक दृश्य दिसतं. उसाच्या फडाच्या कडेला प्लॅस्टिकची पालं, आत वाकून शिरावं लागेल एवढी, आणि चूल बाहेर. नंदुरबार-धुळ्याकडून, डांगमधून कोयता घेऊन आलेली माणसं तिथे हंगामभर राहतात. आत झोप, बाहेर स्वयंपाक. माझ्या आराखड्यातली तीच मांडणी. मी तेव्हा गाडीत होतो आणि मांडीवर चलनाच्या पाठीवरचं चित्र होतं. पालाबाहेर एक बाई भाकरी थापत होती. चुलीपुढे ती ऐसपैस बसली होती, आणि मागचं पाल तिच्या मानाने अगदीच बेताचं होतं. मी चित्र घडी घालून ठेवलं.

घरी आल्यावर मात्र मी मिस्त्रीला म्हटलं, गादी अजून कमी कर. त्याने काही न विचारता मधली भिंत पुढे सरकवली. आता गादी साडेतीन फूट आहे, म्हणजे नातू झोपू शकतो किंवा आम्ही दोघं पाठ टेकून बसू शकतो. आस मागे घेतला आहे, सिलिंडर आणि पाणी पुढे नाकावर, त्यामुळे दांडीवर बारा टक्के भार येतो आणि आजोबांनी जू उचलून पाहिलं असतं तर पोतं हलवलं नसतं. मागचं झाकण एवढं मोठं झालं आहे की त्याखाली सहा माणसं उभी राहतील. काकांनी चांदनी पडव्याला डुमस रोडची जागा आत्ताच सांगून ठेवली आहे, स्वतःच्या कुटुंबासाठी. वॉचमनने विचारलं, लारीचं नाव काय ठेवणार. आमच्याकडे कुणी ते दुरुस्त केलं नाही.

नक्शा जवळजवळ पक्का आहे. काल मिस्त्री येऊन गेला. त्याचं एकच विचारणं राहिलं होतं, तवा किती इंची धरायचा. मी बारा सांगितलं. ही अठरावर अडून आहे.